वाढत्या अंगाचे माप

सणासुदीत लक्ष्मी रस्त्यावर पाऊल टाकायचे नाही, हा माझा नेम या सदराच्या वाचकांना परिचित आहे. परंतु भगिनीच्या आज्ञेपुढे असले नेम टिकत नाहीत, आणि तिच्या चिरंजीवांचा साखरपुडा तोंडावर आल्यामुळे त्यांच्यासह तयार कपड्यांच्या एका प्रशस्त दुकानाची पायरी मला गेल्या रविवारी चढावी लागली. आमचे भाचेसाहेब हुद्द्याने बँकेतील अधिकारी असून उंचीने 4 फूट 11 इंच आहेत. छाती 31, कंबर 25. विक्रेत्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळले, ज्याला फार वेळ लागला नाही, आणि मला उद्देशून सांगितले, "मुलांचं वरच्या मजल्यावर, काका."

वरच्या मजल्यावरचा सदरा छातीला बसला, पण त्याच्या खिशावर अस्वल होते. आणि वाग्दत्त वधूच्या पित्यासमोर अस्वल घेऊन बसणे भाच्याने नामंजूर केले. खाली पुरुषांच्या विभागात सर्वांत लहान म्हणून जो सदरा निघाला, त्याच्या खांद्याची शिवण दंडाच्या मध्यावर विसावली. "आल्टर करून देऊ," अशी हमी मिळाली. ही हमी फसवी असते. बाजूच्या शिवणी आत घेता येतात, परंतु तीरा आणि मुंढा हे मूळ बेतण्यातच ठरलेले असल्याने सदरा पुरता उसवल्यावाचून हलत नाहीत. आणि 28 ची विजार 25 वर आणली की मागचे दोन खिसे वाड्यातल्या बिऱ्हाडांप्रमाणे एकमेकांना खेटून बसतात.

आपल्याकडील तयार मापे बव्हंशी ब्रिटिश-अमेरिकी कोष्टकांवर बेतलेली आहेत. भारतीय देहांचे स्वतंत्र कोष्टक असावे म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या 'निफ्ट' या संस्थेने मुंबईसह सहा शहरांतील 15 ते 65 वयाच्या सुमारे 25,000 माणसांची त्रिमितीय यंत्राने मोजणी करण्याची योजना आखली. अण्णाजी दत्तोंची मोजणीची काठी जमिनीवरून शिवकाळीच फिरली; जमीन कसणाऱ्याच्या खांद्यांची पाळी एवढ्या उशिरा आली, यावरून सरकारला महसूल कशातून मिळतो तेवढे कळते. तरीही कारखानदार मधल्या गर्दीचीच मापे शिवणार, हे उघड आहे.

खरे पाहता या भाच्याला मापाचा कपडा असा कधी मिळालाच नाही. आमच्या घराण्यात मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवण्याची वहिवाट. शाळा उघडताना चार बोटे लांब बाही, दोनदा दुमडलेली विजार, आणि "पुढच्या वर्षी बरोबर होईल" हे मातेचे आश्वासन. इतर भावंडे यथाकाल आपापल्या कपड्यांना येऊन मिळाली. याचे मात्र कपडे वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले आणि अखेरीस विटून, धाकट्याला आखूड होण्याच्याच सुमारास, बोहारणीकडे गेले. माझी भगिनी अद्यापही एक माप मोठेच उचलते. त्या रविवारीही तिने दूरध्वनीवरून तीच सूचना केली.

शेवटी आम्ही शनिवार पेठेतल्या एका वृद्ध शिंप्याकडे रुजू झालो. त्याने भिवईही न उचलता आकडे मोठ्याने उच्चारून वहीत मांडले, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाला, "आत दीड इंच दाब ठेवतो. लग्नानंतर मुलं अंग धरतात."

"कमरेत ठेवा," भाचा शांतपणे म्हणाला, "बाहीत नको."