लिस्बनच्या रेडिओवरची दोन गाणी

२५ एप्रिल हा पोर्तुगालचा स्वातंत्र्यदिन. १९७४ साली याच दिवशी तिथली ४८ वर्षांची हुकूमशाही कोसळली. आपल्याकडे या दिवसाची फारशी दखल घेतली जात नाही. ती घ्यायला हवी, कारण हुकूमशहा सालाझारची जी राजवट गोव्याच्या उरावर बसली होती, तिचाच त्या दिवशी शेवट झाला.

बंड केले लष्करातल्या तरुण कॅप्टनांनी. आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या न संपणाऱ्या युद्धांना ते विटले होते. ठिकठिकाणच्या छावण्यांतून एकदम निघायचे तर सर्वांना ऐकू जाईल अशी खूण हवी. ती रेडिओने दिली. २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी पाउलो द कार्वाल्योचे एक विरहगीत वाजले. त्याच महिन्यात युरोव्हिजन स्पर्धेत अवघे ३ गुण मिळवून ते तळाला गेले होते. असले गाणे ऐकून कोणत्या पोलिसाच्या मनात पाल चुकचुकणार? मध्यरात्र उलटून २० मिनिटांनी रेडिओ रेनासेन्सा या कॅथलिक केंद्रावर जोसे अफोन्सोचे ‘ग्रांदोला, विला मोरेना’ लागले. आता माघार नाही, असा त्याचा अर्थ ठरला होता.

हे गाणे जरूर ऐकावे. त्यात वाद्य एकही नाही. आधी खडीवर पडणारी पावले ऐकू येतात, मग एकट्याचा आवाज, आणि त्याला उचलून धरणारा पुरुषांचा कोरस. आलेंतेजू प्रांतातले कष्टकरी असेच गातात. ग्रांदोला गावातल्या कामगारांच्या संगीतमंडळाने अफोन्सोला भारावून टाकले होते, त्यातून हे गीत आले. त्याच्या इतर गाण्यांवर सेन्सॉरची कात्री चालली, हे मात्र सुटले. २९ मार्चला लिस्बनच्या कोलिझ्यूमध्ये ते झाले, तेव्हा सारे सभागृह त्याच्याबरोबर गाऊ लागले.

गाण्याने सरकार पाडले, असे आम्ही म्हणणार नाही. सरकार रणगाड्यांनी पाडले, आणि गुप्त पोलिसांच्या गोळीबारात त्या दिवशी चौघांचे प्राणही गेले. पण बंडवाले रेडिओवरून घरातच थांबा म्हणून बजावत असताना लिस्बनकर हजारोंनी बाहेर पडले, सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुले खोवू लागले. लष्कराचे बंड लोकांचे झाले ते तिथे. एकत्र गाणाऱ्यांना आपण एकटे नाही हे कळते, आणि हुकूमशाहीला नेमके तेच नको असते. २०१३ साली काटकसरीच्या धोरणाला विटलेल्या नागरिकांनी संसदेच्या सज्जात हेच गाणे सुरू केले, तेव्हा पंतप्रधानांना बोलता बोलता थांबावे लागले.

क्रांतीनंतर दोनच दिवसांत लिस्बनजवळच्या काशियस तुरुंगातले राजकीय कैदी सुटले. गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे याच तुरुंगात होते. १९६९ मध्ये ते सुटले, आणि त्या सुटकेसाठी झटणाऱ्यांत संगीतकार सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, होते. बाबूजी १९५४ च्या दादरा-नगरहवेलीच्या लढ्यातही उतरले होते, हे ‘गीतरामायण’ ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

क्रांतीनंतरच्या पोर्तुगालने गोव्यावरचा हट्ट सोडला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत त्यांचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेश आणि आपले परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या, आणि गोवा भारताचा असल्याचे लिस्बनने कागदावर मान्य केले.