पाऊस धरायच्या आत : भोर-वेल्हेकरांना ढेकणांबद्दल तातडीचं आवाहन

मे संपत आला. घरोघरी बॅगा येऊन पडल्यात. कुणी काशी करून आलंय, कुणी कोकण फिरून. मुंबईची मंडळी लग्नांसाठी गावाला आलीत. पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं चार दिवस आईच्या हातचं खायला आलीत. या बॅगांच्या शिवणीत बसून ढेकूणही गावाला येतो, आणि तो आला की सुट्टी संपली म्हणून परत जात नाही.

घाई कशाची, असं विचाराल. घाई पावसाची आहे. ढेकणावर घरच्या घरी चालणारा खात्रीचा इलाज एकच, उष्णता. आपल्या तालुक्यांत मृगाची झड लागली की नवरात्रापर्यंत धड ऊन मिळत नाही. गुंजवणीच्या, वेळवंडीच्या खोऱ्यात जुलैमध्ये जिथे गोधडी वाळत नाही, तिथे ती तापणार कशी? ढेकणाला मात्र हे दमट, उबदार दिवस मानवतात. अंडं आठवडा-दहा दिवसांत फुटतं. रक्त मिळत राहिलं तर पिल्लू पाच वेळा कात टाकून महिना-दीड महिन्यात अंडी घालायला लागतं. म्हणजे मेअखेर घरात आलेल्या एका मादीची नातवंडं गणपतीपर्यंत तुमच्या पलंगात असतील. म्हणून विनंती आहे : जे करायचं ते येत्या आठ-दहा दिवसांत करा.

पहिली गोष्ट, बॅग उंबऱ्याच्या आत घेऊ नका. पडवीत, ओट्यावर, गच्चीवर, कुठेही ठेवा. पलंगावर आणि गाद्यांच्या घडवंचीवर तर नकोच. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही, उवेसारखा अंगावरही राहत नाही. तो चालत जातो आणि माणूस झोपतो त्याच्या आसपासच घर करतो. त्याला पडवीत अडवलं तर अर्धं काम झालं. बॅग तिथेच उघडा. घातलेले, न घातलेले सगळे कपडे बाहेर काढा आणि थेट गरम पाण्यात टाका. वॉशिंग मशीनला साठ अंशांचा पर्याय असेल तर तो लावा. नसेल तर बंब पेटवा. सुती कपडे, चादरी, टॉवेल यांना उकळतं पाणी सोसतं. नुसत्या साबणाच्या गार पाण्यावर भरवसा ठेवू नका.

जे धुता येत नाही, म्हणजे बॅग स्वतः, बूट, स्वेटर, शाल, ते काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ थरात भरून, तोंड घट्ट बांधून भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर ठेवा. साधारण पन्नास अंशांना ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. पिशवीच्या मध्यापर्यंत ती धग पोचली पाहिजे, म्हणून कोंबून भरू नका आणि मधून उलटवा. नुसती गादी अंगणात टाकून भागत नाही. वरची बाजू तापली की ढेकूण खालच्या सावलीला सरकतो, आणि संध्याकाळी आपणच त्याला उचलून घरात आणतो. वाकळा, गोधड्या मात्र पातळ असतात, त्यांना हा पत्रा चांगला लागू पडतो. रिकाम्या बॅगेच्या चेनीच्या कडा, आतलं अस्तर, चाकांजवळच्या खाचा मोबाइलच्या उजेडात बघा. पूर्ण वाढलेला ढेकूण मसुराच्या डाळीएवढा, चपटा, तपकिरी असतो. पिल्लं फिकट, अंडी पांढरी आणि जेमतेम एक मिलिमीटर. जिवंत ढेकूण दिसला नाही तरी पेनाची शाई टेकल्यासारखे काळे ठिपके दिसले तर समजून जा.

अवघड जागा पुढेच आहे. आलेल्या पाहुण्याला ‘बॅग बाहेर ठेवा’ म्हणायचं कसं? आपल्याकडे पाय धुवायला पाणी देतात तेव्हा कुणाला अपमान वाटत नाही. तसंच हेही करा. घरात आधीच सांगून ठेवा की यंदा सगळ्यांच्याच बॅगा पडवीत, मग कुणाला लागणार नाही. अगदी जावईबापूंचीसुद्धा. त्यांचे कपडे काढून द्या, बॅग राहू द्या बाहेर. रुसले तर रुसले.

ढेकूण म्हणजे घाण, ढेकूण म्हणजे गरिबी, ही समजूत तर सगळ्यात आधी सोडा. 2023 च्या शरदात पॅरिसमध्ये मेट्रो आणि सिनेमागृहांतल्या ढेकणांवरून इतका गदारोळ झाला की फ्रान्सच्या सरकारला बैठका घ्याव्या लागल्या. तिथल्या सरकारी आरोग्य सुरक्षा संस्थेने त्याच वर्षी सांगितलं होतं की 2017 ते 2022 या काळात दहातल्या एकापेक्षा जास्त घरांत ढेकूण निघाले. त्याला रक्त लागतं. घर सारवलेलं आहे की फरशीचं, हे तो बघत नाही. लाजेपोटी लपवणं हेच त्याच्या सर्वांत सोयीचं. एका भिंतीची दोन घरं असलेल्या आळीत शेजाऱ्याला न सांगता केलेला उपाय महिनाभरही टिकत नाही.

अजून प्रवासाला निघायचे असाल तर मुक्कामाच्या खोलीत शिरल्यावर बॅग आधी बाथरूममध्ये ठेवा. चादर उचलून गादीच्या शिवणी, कोपरे आणि पलंगाची डोक्याकडची फळी बघा, मग सामान लावा. उतरलेले कपडे जमिनीवर टाकू नका, पिशवीत बांधून ठेवा. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की ढेकूण धुतलेल्या कपड्यांपेक्षा वापरलेल्या कपड्यांच्या पिशवीकडे दुपटीने जातात. माणूस खोलीत नसला तरी त्याचा वास त्यांना बोलावतो.

लगीनसराईत आणखी एक वाट आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही : मंडपवाल्याकडून भाड्याने आलेल्या गाद्या. आज या वाडीत, उद्या त्या. उतरवून घेतानाच शिवणी बघा, आणि हळदीच्या रात्री घरच्या वाकळा त्यांच्यावर पसरू नका. पुण्याहून स्वस्तात आणलेला जुना पलंग, सोफा यांनाही हाच नियम.

पानशेत-वरसगावच्या काठचे तंबूवाले, भाटघरच्या पाण्याकडेचे फार्महाऊसवाले, राजगड-तोरण्याच्या पायथ्याला जेवण-मुक्काम देणारी घरं आणि रायरेश्वरच्या पठारावरची मंडळी, यांना हात जोडून वेगळं सांगणं आहे. पावसाळी पर्यटकांची झुंबड उडायच्या आत तुमची सगळी पांघरुणं एकदा तापवून घ्या. प्रत्येक मुक्कामानंतर खोळी बदला. रग एकावर एक रचून माळ्यावर टाकू नका. पाहुण्याने तक्रार केली तर त्याच्याशी भांडू नका, ती खोली बंद करा. ट्रेकरांनीही आपली स्लीपिंग बॅग कुणाच्या घरातल्या अंथरुणावर पसरण्याआधी झटकून यावं.

आता औषधांबद्दल, आणि हे कृपा करून दोनदा वाचा. आपल्या घरांत भात साठवायला धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या असतात. त्या गोळ्या पलंगाखाली किंवा माळ्यावर ठेवून ढेकूण मारायचा विचार कुणी करू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. झोपलेली माणसं त्याने मरतात, लहान मुलं आधी, आणि त्यावर उतारा नाही. धंदेवाईक फवारणीतही हलगर्जी चालत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये पुण्यात बिबवेवाडीला घरात पेस्ट कंट्रोल झाल्यानंतर एका पती-पत्नीचा जीव गेला. दारं-खिडक्या उघडून हवा खेळवण्याआधी ते आत बसले होते, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. फवारणी करायचीच तर परवाना असलेल्या माणसाकडून करा, औषधाचं नाव लिहून घ्या, घराबाहेर किती तास राहायचं ते विचारा आणि परतल्यावर आधी खिडक्या उघडा. रॉकेल, पेट्रोल लाकडी खाटेवर ओतू नका. कौलारू घर पेटायला ठिणगी पुरते. दुकानातल्या फवाऱ्यांना आजचे ढेकूण बरेचसे सरावलेत. डीडीटीलासुद्धा ते 1947 मध्येच हवाईत दाद देईनासे झाले होते. घर बंद ठेवून ढेकूण उपाशी मारू, हाही भ्रम आहे. तो रक्ताविना कित्येक महिने काढतो.

चावल्याचे चट्टे कधी दुसऱ्या दिवशी उठतात, कधी आठवडा-दोन आठवड्यांनी. ढेकणाच्या चाव्यातून माणसाला रोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण खाजवून जखम चिघळते, झोप उडते. बोटांच्या बेचक्यांत खाज असेल तर ती खरूजही असू शकते; प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्या, परस्पर मलम लावू नका.

आणि जूनमध्ये मुलं वसतिगृहांकडे, पुण्यातल्या खोल्यांकडे परत निघतील तेव्हा त्यांची गोधडी आणि ट्रंक एक दुपार पत्र्यावर तापवूनच गाडीत चढवा. ढेकूण स्वारगेटहून भोरला येतो, तसाच भोरहून स्वारगेटलाही जातो.