कादंबरी हा पुरावा नव्हे

परवा एका तरुण मित्राने डॅन ब्राऊनची 'द दा विंची कोड' माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "भाई, हे वाचा. हजरत ईसा (अ.) यांना देव ठरवलं ते इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेत, मतं मोजून! आता ख्रिस्ती मंडळी काय बोलणार?"

ते काय बोलतील ते नंतर पाहू. आधी आपण काय बोलतो ते तपासू या.

निकियातला वाद 'येशू देव की निव्वळ माणूस' असा नव्हताच. तिथे हरलेला एरियससुद्धा त्यांना साधा माणूस मानत नव्हता. सगळ्या सृष्टीच्या आधी निर्माण झालेला पुत्र मानत होता. हा पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे का, यावर भांडण होते. निर्णयही काठावरचा नव्हता. शेवटपर्यंत विरोधात राहिलेले बिशप दोनच. त्याआधी दोनशे वर्षे, इ.स. ११२च्या सुमारास, रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक ख्रिस्ताला देव समजून स्तोत्रे गातात. ही श्रद्धा आपल्याला मान्य नाही, हे उघड आहे. पण ती निकियात जन्मली, हे खोटे आहे.

याच पुस्तकाच्या आरंभी 'प्रायरी ऑफ सायन' ही १०९९ पासूनची खरी संघटना असल्याचे छापले आहे. ती प्रत्यक्षात पिएर प्लांतार या फ्रेंच गृहस्थाने १९५६ साली नोंदवली!

आणि हीच कादंबरी ईसा (अ.) यांचा मेरी मॅग्डालीनशी विवाह लावते, त्यांचा वंशही चालवते. याला ना इंजिलांत आधार, ना कुरआनात. ते पान मित्राने माझ्यापुढे उघडले नाही. सोयीचे पान इतिहास आणि गैरसोयीचे पान कल्पना, हा कुठला न्याय?

उद्या एखाद्या कादंबरीकाराने आपल्या रसूलांविषयी (स.) मनाला येईल ते लिहिले, तर आपणच म्हणणार ना, की ही कल्पना आहे, इतिहास नाही? मग तोच काटा इथेही लावा. कानावर आलेली बातमी पडताळून घ्या, कुणाशी वैर असले तरी न्याय सोडू नका, हे कुरआनने आपल्यालाच बजावले आहे.

कादंबरीवर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. रहस्यकथा म्हणून खुशाल वाचा. पण तौहीदला असल्या कुबड्या लागत नाहीत. दुसऱ्याच्या धर्माचा खोटा इतिहास सांगून आपला दीन खरा ठरत नाही. आपली जीभ तेवढी खोटी ठरते.