चोर सोडून संन्याशाला

घरून काम करणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये काहीतरी शिरलंय असा संशय आला, की बऱ्याच कंपन्यांमध्ये एक ठरलेलं नाटक रंगतं. आयटीवाल्याचा फोन येतो. पहिलं वाक्य, "कशावर क्लिक केलंत?" दुसरं, "ट्रेनिंग झालं होतं ना तुमचं?" मग एक मेल, मॅनेजरला सीसी. तोवर इकडे लॅपटॉप वायफायवर सुखेनैव चालू असतो, आणि आत बसलेला चोरही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच!

माझं म्हणणं असं, की हा पहिला प्रश्न बंदच व्हायला हवा. तो उद्धट आहे हे झालंच, पण मुख्य म्हणजे तो धोकादायक आहे. एकदा चारचौघांत असा पाणउतारा झालेला माणूस पुढच्या वेळी काय करेल? गप्प बसेल. आधी रीस्टार्ट करून बघेल, मग नेटवरून कुठलातरी फुकटचा अँटीव्हायरस उतरवेल, अगदीच वाटलं तर ओळखीच्या मुलाकडून फॉरमॅट मारून आणेल. म्हणजे पुरावा गेला, दोन दिवस गेले, आणि चोराने मधल्या काळात काय नेलं ते कळायचा मार्गही गेला.

घरात गॅसचा वास आला तर आपण काय करतो? आधी रेग्युलेटर बंद, मग खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही. "शेगडी कोणी चालू ठेवली?" याची चौकशी आजी नंतर सावकाश करते. :) लॅपटॉपचंही तसंच आहे.

आधी वायफाय बंद करायचं, केबल असेल तर काढायची. पण लॅपटॉप शक्यतो बंद करायचा नाही, कारण चालू यंत्राच्या मेमरीत ज्या खुणा असतात त्या बंद केल्या की पुसल्या जातात. (नेटवरून तुटतच नसेल, तर मात्र नाइलाजाने बंद.) मग आयटीला फोन करायचा. त्याच लॅपटॉपवरून मेल किंवा चॅट नको, चोर ते वाचत असू शकतो. पासवर्डही त्यावरून बदलायचे नाहीत. नवा पासवर्ड आयता चोराच्या हातात! ते काम दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून.

आता कंपनीने काय करायचं? त्या माणसाची सगळी चालू सेशन्स आपल्या बाजूने तोडायची, व्हीपीएन बंद करायचं, त्याच्या हाताखालच्या किल्ल्या आणि टोकन बदलायचे. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण चोरलेलं सेशन काही ठिकाणी त्यानंतरही चालत राहतं. यातल्या एकाही कामासाठी "कशावर क्लिक केलंत?" हे आधी कळायची गरज नाही. ते लागेल, पण नंतर, तपासासाठी.

हे हवेत बोलत नाहीये. सर्कलसीआय नावाची एक अमेरिकन कंपनी आहे, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना सेवा देणारी. १६ डिसेंबर २०२२ रोजी तिच्या एका इंजिनियरच्या लॅपटॉपमध्ये मालवेअर शिरलं. कंपनीच्या अँटीव्हायरसला ते दिसलंच नाही. चोराने टू-फॅक्टर पार करून झालेलं लॉगिनच, म्हणजे त्याची सेशन कुकी, उचलली आणि लांब कुठेतरी बसून तो इंजिनियर असल्यासारखा वावरला. २२ डिसेंबरला ग्राहकांची माहिती बाहेर गेली. २९ तारखेला एका ग्राहकानेच संशयास्पद हालचाल कळवली, तेव्हा तपास सुरू झाला. ४ जानेवारी २०२३ ला कंपनीने जाहीर सांगितलं, की आमच्याकडे ठेवलेल्या सगळ्या गुप्त किल्ल्या बदला.

आता सांगा, त्या बिचाऱ्या इंजिनियरला "ट्रेनिंग झालं होतं ना?" विचारून काय मिळालं असतं? पासवर्ड होता, टू-फॅक्टर होतं, अँटीव्हायरस होता. मला आवडलं ते पुढचं. कंपनीच्या सीटीओने १३ जानेवारीच्या अहवालात स्पष्ट लिहिलं, की लॅपटॉप एका कर्मचाऱ्याचा असला तरी हे अपयश व्यवस्थेचं आहे. आपल्याकडे असं लिहिणारा साहेब मला दाखवा, मी त्याला चहा पाजतो.

यावर लगेच कोणी म्हणेल, "मग माणसाची काहीच जबाबदारी नाही? धाक नसेल तर लोक वाट्टेल ते उघडतील!" जबाबदारी आहे ना. संशय आला की त्याच मिनिटाला सांगायचं, ही जबाबदारी. आणि धाकाने नेमकी तीच मारली जाते. धाकामुळे मालवेअर थांबत नाही, बातमी थांबते. शिवाय २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार आपल्याकडच्या कंपन्यांना अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. ज्या कंपनीत माणूस दोन दिवस घाबरून गप्प बसतो, तिच्या ते लक्षात तरी कधी येणार?

कंपन्यांनो, फार नको, तीन गोष्टी करा. आयटीचा फोन नंबर छापून लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवा, कारण लॅपटॉपच बिघडला तर त्यातला नंबर कोण बघणार? अडकलेल्या माणसाला लगेच दुसरं यंत्र द्या. साताऱ्यात बसलेल्या माणसाचा लॅपटॉप काढून घेऊन त्याला आठवडाभर बिनकामाचं ठेवलंत, तर पुढच्या वेळी तो कशाला फोन करेल? आणि ज्याने कळवलं त्याला आधी "बरं झालं सांगितलंत" म्हणा. हे तिसरं तर फुकट आहे.

आणि आपल्या घरातल्या मंडळींनो, तुमच्यापैकी निम्मेजण कंपनीच्या लॅपटॉपवर काम करता हे मला ठाऊक आहे. उगाच लपवत बसू नका. वायफाय बंद, यंत्र चालू, फोन हातात. कोणी ओरडलं, तर हे वाचायला द्या.