प्रमाणपत्र मोबाइलवर मिळेल. हात कोण तपासणार?

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड आणि आसपासच्या गावांचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचेच. अशा वेळी तापलेल्या मुलाची मलेरियाची झटपट चाचणी करणे, चार दिवसांच्या बाळाचा श्वास मोजणे ही कामे गावातल्या आशाताईवरच येतात. तिला ती शिकवायची कशी? मोबाइलवर की समोर बसवून?

करोनाच्या साथीत, एप्रिल 2020 मध्ये, केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ‘आयगॉट’वर ऑनलाइन धडे सुरू केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी मिळाली. तेव्हापासून सरकारी खात्यांत मोबाइलवरचे प्रशिक्षण अंगवळणी पडले आहे. त्याचा फायदा खरा आहे. एका दिवसाच्या वर्गासाठी दुर्गम गावातली कार्यकर्ती येण्याजाण्यात आणखी दिवस घालवते. त्या काळात तिचे गाव उघडे पडते आणि घरही. औषधाची मात्रा बदलली किंवा नोंदवहीत नवा रकाना आला, तर तेवढ्यासाठी तिला तालुक्याला बोलावण्यात अर्थ नाही.

प्रश्न हाताने करायच्या कामांचा आहे. एका प्रशिक्षणार्थी ताईला ऑनलाइन चाचणीत पैकीच्या पैकी गुण होते. वॉर्डात बाळासमोर उभी राहिल्यावर मात्र तिने पंधरा सेकंद श्वास मोजले आणि चारने गुणले. नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच थांबतो, मध्येच भराभर होतो. म्हणून बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे लागते. 60 किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर तो धोक्याचा इशारा. हे सारे तिला ‘माहीत’ होते. तिचा हात धरून कोणी करून घेतले नव्हते, एवढेच. चूक तिची नव्हती.

याचे उत्तर गडचिरोलीनेच जगाला दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्या गावांतले नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2011 मध्ये आशांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. त्यामागे एकदाचा वर्ग नव्हता. पुन्हा पुन्हा सराव होता आणि गावात येऊन काम तपासणारी माणसे होती.

म्हणून वर्ग चांगला आणि मोबाइल वाईट, असे म्हणता येणार नाही. सभागृहात शंभर जणींना बसवून पडद्यावर स्लाइड दाखवायच्या, जेवण द्यायचे आणि सह्या घ्यायच्या, हा प्रकार मोबाइलपेक्षा सरस नाही. कॉक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यातही आरोग्य व्यावसायिकांच्या ऑनलाइन आणि पारंपरिक शिक्षणाच्या परिणामांत फारसा फरक दिसला नाही. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांबाबत मात्र जागतिक आरोग्य संघटनेची त्याच वर्षीची शिफारस आहे, की समोरासमोरच्या शिक्षणाला प्राधान्य द्यावे आणि ऑनलाइन शिक्षण त्याच्या जोडीला असावे.

आपल्या दोन जिल्ह्यांत हे जमण्यासारखे आहे. माहितीचे धडे मोबाइलवर द्यावेत. पण रेंज नसतानाही उघडतील असे, आणि मराठीबरोबर माडिया-गोंडीतही. ते पाहण्याचा वेळ कामाचा धरावा. रात्री चूल आवरल्यावर पाहायचा धडा मुलगाच बटणे दाबून संपवतो. श्वास मोजणे, वजन करणे, मलेरियाच्या चाचणीसाठी रक्ताचा थेंब घेणे या गोष्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाच-सहा जणींच्या गटात करून घ्याव्यात. मासिक बैठकीत दर वेळी एक कौशल्य प्रत्यक्ष तपासावे. प्रमाणपत्र त्यानंतरच द्यावे. आज खात्याच्या अहवालात किती जणींनी धडा पूर्ण केला, हे मोजले जाते. किती जणींचा हात तयार झाला, याचाही रकाना हवा.

वाचकांनाही एक सांगणे. आशाताई घरी येऊन बाळाच्या छातीकडे घड्याळ धरून बसली, तर तिला घाई करू नका. ते एक मिनिट तिला पूर्ण मिळू द्या.