इमान कुत्र्याचे, आणि माणसांचे?

'इमानी प्राणी' हा विषय निघाला की आमच्या शाळांतला एखादा चुणचुणीत विद्यार्थी बाल्टोची गोष्ट सांगतो आणि हमखास टाळ्या घेतो. टाळ्यांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती गोष्ट जिथून सुरू करतात त्या जागेला.

गोष्ट अलास्कातल्या नोम गावची. हिवाळ्यात समुद्र गोठला की जहाजे बंद. अशा गावात डॉ. कर्टिस वेल्च हे एकटे डॉक्टर. जानेवारी १९२५ मध्ये तिथली मुले घटसर्पाने दगावू लागली. २२ जानेवारीला डॉक्टरांनी मदतीसाठी तार केली. रेल्वेने नेनानापर्यंत आलेले औषध तिथून सुमारे २० गाडीवान आणि १५० च्या आसपास कुत्र्यांनी, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, ६७४ मैल हातोहात पोहोचवले. २ फेब्रुवारीच्या पहाटे शेवटची घसरगाडी गावात शिरली. तिचा म्होरक्या बाल्टो. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला.

पुतळा सांगत नाही ते असे : डॉक्टरांकडच्या औषधाची मुदत संपली होती. ते त्यांनी आधीच्याच वर्षी ओळखले, नवा साठा मागवला. बंदर गोठेपर्यंत तो आला नाही. एक पेटी वेळेवर जहाजात चढली असती, तर ना ती धाव, ना पुतळा! मग याला इमानाचा विजय म्हणायचे, की माणसांच्या ढिलाईची भरपाई मुक्या जनावरांनी केली म्हणायचे?

बरे, कौतुकात तरी न्याय आहे? सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा लिओनार्ड सेपाला यांच्या टोगोने ओढला. मान मिळाला शेवटी पोहोचलेल्या बाल्टोला. गाडीवानांत बरेच जण तिथले मूळ रहिवासी. त्यांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. त्यांच्या वस्त्यांत किती मुले गेली याची तर नीट मोजदादही झाली नाही. आणि खुद्द बाल्टो? दोन वर्षांच्या आत तो लॉस एंजलिसमध्ये पैसे घेऊन दाखवायच्या एका प्रदर्शनात हलाखीत होता. १९२७ मध्ये क्लीव्हलंडच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला सोडवले. त्यात शाळकरी मुलांचेही पैसे होते.

कोणी म्हणेल, 'सर, मुलांना निष्ठा शिकवायची की तक्रार?' मी म्हणतो, हिशेब शिकवा. निष्ठेचे गोडवे गायले की जाब विचारायचे काम टळते. आमच्या सीमाभागात तरी वेगळे काय घडते? खेड्यातला डॉक्टर दोन्ही भाषांतून रोग्याची विचारपूस करतो, अपरात्री दार उघडतो. आपण त्याला 'देवमाणूस' म्हणतो, शाल-श्रीफळ देतो. त्याच्या औषधाच्या कपाटात काय शिल्लक आहे, ते विचारीत नाही. दवाखान्याच्या फलकावर आपली भाषा हवी, यासाठी आपण भांडतो, भांडलेच पाहिजे. पण आतले कपाट रिकामे असले, तर रोग्याला ते कोणत्याच भाषेत उपयोगाचे नाही.

तेव्हा बाल्टोला टाळ्या जरूर द्या. मग जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा : कुत्रा चावल्यावरची लस आज आहे का? सर्पदंशावरचे औषध आहे का? त्याची मुदत कोणत्या महिन्यात संपते? मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा; पण ओढ्यांना पाणी येऊन रस्ते तुटण्यापूर्वी विचारा.