प्रमाणपत्र कोणते, हा प्रश्नच चुकीचा

‘लीड’ घ्यावे, ‘आयजीबीसी’ घ्यावे की ‘गृह’? नवा प्रकल्प हाती घेणारा विकासक आज आपल्या सल्लागाराला हा प्रश्न हमखास विचारतो, आणि सल्लागार त्याच्यापुढे तक्ता मांडतो : शुल्क किती, गुण कोठे स्वस्तात पदरात पडतात, कोणते नाव जाहिरातीत शोभेल. या तक्त्यात एक रकाना मात्र सहसा नसतो. माणसे राहायला आल्यावर ही इमारत प्रत्यक्षात किती वीज आणि किती पाणी वापरील, हा तो रकाना. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला, तेच निवडीच्या वेळी गैरहजर असावे, हा योगायोग नव्हे.

अमेरिकेत जन्मलेल्या ‘लीड’चे प्लॅटिनम मानांकन २००३ मध्ये हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राला मिळाले आणि आपल्याकडे ‘हरित इमारत’ या शब्दाला वलय आले. पुढे ‘टेरी’ने घडवलेली ‘गृह’ ही पद्धत केंद्र सरकारने २००७ मध्ये राष्ट्रीय पद्धत म्हणून स्वीकारली. तेव्हापासून विदेशी की स्वदेशी, हा वाद रंगतो आहे. वातानुकूलन नसलेल्या इमारतींचाही विचार करणारी ‘गृह’ आपल्या हवामानाला अधिक जवळची आहे, हे मान्यच. परंतु मोजपट्टी स्वदेशी आहे एवढ्याने मोजमाप प्रामाणिक ठरत नाही.

मूळ खोट निराळी आहे. नव्या इमारतीची ऊर्जाबचत बहुधा तिच्याच एका काल्पनिक जुळ्या भावंडाशी तुलना करून ठरते. हे भावंड संगणकात राहते. ते कधी बांधले जात नाही, त्याचे बिल कधी येत नाही. त्याच्यापेक्षा तीस टक्के कमी वीज खाणारा मनोराही एकूण हिशेबात खादाड असू शकतो. अमेरिकेतील १२१ ‘लीड’ इमारतींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सरासरी समाधानकारक दिसली. पण एकेका इमारतीचे भाकीत आणि वास्तव यांत मोठी तफावत होती. त्या सरासरीवरही पुढे आक्षेप आलेच. २००९ च्या आवृत्तीत ‘लीड’ने पाच वर्षांच्या वापराची आकडेवारी देण्याची अट घातली. अट स्तुत्य, मात्र आकडे वाईट निघाले म्हणून भिंतीवरचा फलक उतरत नाही.

आपल्या राज्याने तर या फलकाला जमिनीचे मोल दिले. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार मानांकनाच्या श्रेणीप्रमाणे तीन, पाच वा सात टक्के वाढीव चटईक्षेत्र मिळते. सात टक्के चटईक्षेत्र म्हणजे विकता येणारी घरे, आणि ती कायमची. बचतीचे वचन मात्र भोगवटा प्रमाणपत्र हाती पडेपर्यंतचे. त्यानंतर विकासक निघून जातो, सल्लागार निघून जातो. उरतो तो रहिवासी आणि त्याचे विजेचे बिल. पर्यावरणाच्या नावाने शहराने दिलेली सवलत शहराला परत काय देते, हे विचारणारा कोणी उरत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की, रहिवाशांच्या सवयींना विकासक जबाबदार कसा? नसेलही. पण पश्चिमेच्या उन्हाला उघडी काच रहिवाशाने लावलेली नसते, वारा अडवणारी मांडणी त्याने आखलेली नसते. सवयी इमारतीनेच लावलेल्या असतात. आणि मोजणे अशक्य आहे, ही सबब तर मुळीच चालणार नाही. ऊर्जा दक्षता ब्यूरो २००९ पासून कार्यालयीन इमारतींना तारे देतो, ते दर चौरस मीटरमागे वर्षाला प्रत्यक्ष किती युनिटे खर्च झाली हे पाहून. जे कार्यालयाला जमते, ते निवासी संकुलाला न जमण्याचे कारण नाही.

म्हणून निवडीचा निकष एकच असावा : कोणती पद्धत इमारत वापरात आल्यानंतर परत येऊन मोजते, आणि मोजमाप चुकल्यास मान काढून घेते? जी हे करत नाही, तिचे नाव इंग्रजी असो वा संस्कृत, ती हेतूंना गुण देते, कृतीला नव्हे. वाढीव चटईक्षेत्राचा काही हिस्सा तीन वर्षांच्या बिलांची तपासणी होईपर्यंत शासनाने रोखून धरावा, आणि ती बिले प्रवेशद्वारावर, त्या चकचकीत फलकाच्या शेजारी लावावीत. मग कोणते प्रमाणपत्र घ्यावे, याची चर्चा आपोआप थांबेल आणि भिंत कोणत्या दिशेला किती जाड असावी, याची सुरू होईल. वास्तुकलेचा खरा प्रश्न तोच होता.